पिकाच्या राखणीसाठीं जुनी बंदूक घेतांना होणारी फसवणूक

कोंकणांत भात व नारळ-पोफळी, घाटावर भुईमूग, मका आणि ऊंस ह्या पिकांस रानडुकरें, माकडें व गवे ह्यांच्यापासून जो उपद्रव होतो, तो आमच्या वाचकांस सांगावयास पाहिजे असें नाहीं. चार महिने राबून हातातोंडाशीं आलेलें पीक एका रात्रींत उकरलेलें दृष्टीस पडलें म्हणजे घरांत एखादी बंदूक असती तर बरें झालें असतें, हा विचार शेतकऱ्याच्या मनांत येणें साहजिक आहे. नव्या बंदुकीची किंमत पुष्कळांस झेपण्यासारखी नसते; सबब जुनी बंदूक कोठें मिळते काय, ह्याचा शोध सुरू होतो. पूर्वीं हा शोध गांवांत, नातलगांत, किंवा फार झालें तर शहरांतील परवानेदार दुकानदाराकडे होत असे. आतां तो हातांतील मोबाइलवर होतो. मोबाइलवर जुन्या बंदुका, पिस्तुलें व हवेच्या बंदुका स्वस्तांत घरपोंच देण्याच्या जाहिराती दिसतात, आणि त्यांच्या मागें लागून माणसें पैसा घालवून बसतात. बंदूक बाळगणें इष्ट कीं अनिष्ट, ह्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. ज्यास कायद्यानें ती बाळगतां येते त्यानें जुनी बंदूक घेतांना नागवला जाऊं नये, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

बैल, इंजिन किंवा ट्रॅक्टर ह्यांच्या जुन्या खरेदींतही लबाडी होतेच. परंतु तेथें फसलेला मनुष्य निदान उजळ माथ्यानें पोलीस ठाण्यांत जाऊन फिर्याद देऊं शकतो. बंदुकीच्या बाबतींत तसें नाहीं. परवान्याशिवाय बंदूक घेणें हाच अपराध असल्यामुळें, ज्यानें चोरवाटेनें ती घेण्यासाठीं पैसे पाठविले तो फसल्यावर तोंड उघडावयास भितो. ठकाचें खरें भांडवल तें हेंच. बंदूक त्याच्याजवळ बहुधा नसतेच. दुसऱ्या कोणाच्या तरी बंदुकीचें छायाचित्र आणि गिऱ्हाइकाची भीति, एवढ्यावर त्याचा सारा व्यापार चालतो. म्हणून घासाघिशींतील चतुराई येथें कामास येत नाहीं. कायद्यानें घालून दिलेली वाट पायरीपायरीनें चालणें हाच फसवणूक टाळण्याचा मार्ग होय. ही वाट लांब आहे व कंटाळवाणी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ठकास त्या वाटेवर उभेंच राहतां येत नाहीं, हा तिचा गुण फार मोठा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. इंग्रजी अमदानींतील इ. स. १८७८ चा हत्यारांचा कायदा जाऊन त्याच्या जागीं इ. स. १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला, व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. त्याच्या जोडीस इ. स. २०१६ चे शस्त्र नियम आहेत. ह्या कायद्याच्या तिसऱ्या कलमान्वयें परवान्यावांचून कोणासही बंदूक मिळवितां येत नाहीं, बाळगतां येत नाहीं, किंवा घेऊन फिरतां येत नाहीं. परवाना जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, देतात. जेथें पोलीस आयुक्तालय आहे तेथें पोलीस आयुक्त देतात. सामान्यतः एकवीस वर्षांच्या आंतील मनुष्यास तो मिळत नाहीं. इ. स. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांची पांच वर्षें झाली, आणि एका माणसानें जास्तींत जास्त दोनच बंदुका बाळगाव्या असें ठरलें. पूर्वीं ही मर्यादा तीन बंदुकांची होती. विनापरवाना साधी बंदूक बाळगणारास पूर्वीं एक ते तीन वर्षें कैद होती, ती त्याच दुरुस्तीनें दोन ते पांच वर्षें झाली आहे. पांच-दहा हजार रुपये वांचविण्याच्या नादांत ही जोखीम पत्करणें कोणत्या हिशेबांत बसतें, हें ज्याचें त्यानें पाहावें.

शेतकऱ्यास विशेष उपयोगी असा भाग तेराव्या कलमांत आहे, आणि तो फारसा कोणी वाचलेला नसतो. पिकाच्या राखणीची खरीखुरी गरज असलेल्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्या कलमांत आहे; आणि ठासणीच्या बंदुकीनें काम भागण्यासारखें नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, आंतून गुळगुळीत व निदान वीस इंच लांब नळी असलेल्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देतां येतो. ह्यावरून एक गोष्ट आपोआप निघते. शेतीच्या राखणीसाठीं म्हणून कोणी पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा नळी कापून आंखूड केलेली बंदूक देऊं करीत असेल, तर ती वस्तु शेती-संरक्षणाच्या परवान्यावर चढूंच शकत नाहीं. मग ती किती स्वस्त आहे ह्याची चौकशी करण्याचें कारणच उरत नाहीं. सिंधुदुर्गांत व गोव्यांत शेती-संरक्षणाचे परवानेदार पुष्कळ आहेत. निवडणुकी आल्या कीं बंदुका पोलीस ठाण्यांत जमा करावयास लावितात व नेमकी तेव्हांच पिकें उघडीं पडतात, ही त्यांची जुनी तक्रार आहे, आणि ती आम्हांस अगदींच अवास्तव वाटत नाहीं. पण त्यांच्यापैकीं कोणासही विचारलें तर परवान्याची सगळी वाट तो तोंडपाठ सांगेल. त्या वाटेवर परवाना आधीं येतो व बंदूक मागाहून. ज्या जाहिरातींत हा क्रम उलटा असेल, म्हणजे आधीं बंदूक घ्या व परवाना आम्ही मागाहून करून देऊं असें म्हटलेलें असेल, ती पुढें वाचूं नये.

आतां जुनी बंदूक कायदेशीरपणें विक्रीस येते ती कोठून? एखादा परवानेदार वारला म्हणजे त्याची बंदूक वारसांस परवान्याशिवाय घरांत ठेवतां येत नाहीं. कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणें ती पोलीस ठाण्यांत किंवा परवानेदार दुकानदाराकडे जमा करावी लागते. तेथून वारस आपल्या नांवें परवाना काढून ती घेतो, अथवा नियमाप्रमाणें विकतो. आजोबांची बंदूक माळ्यावर तशीच पडली आहे, कागद कोठें आहेत कोण जाणे, असें सांगणारा मनुष्य लबाड असेलच असें नाहीं. पण त्याची बंदूक घेणारा मात्र खचित अडचणींत येईल. दुसरा मार्ग, वार्धक्यामुळें किंवा शेती सुटल्यामुळें बंदूक काढून टाकणाऱ्यांचा. तिसरा असा कीं, इ. स. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ज्यांच्याजवळ दोहोंपेक्षां जास्त बंदुका होत्या त्यांस जास्तीच्या बंदुका एका वर्षाच्या आंत पोलिसांकडे अथवा परवानेदार दुकानदाराकडे जमा करण्याचें बंधन आलें, व त्याही वाटेनें जुना माल दुकानांपर्यंत पोंचला. येथें किंमतीविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परदेशी बंदुका खाजगी माणसानें आणविण्यावर गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून कडक निर्बंध असल्यामुळें चांगल्या जुन्या इंग्रजी दुनळीस आपल्या देशांत तिच्या मूळ देशाहूनही मोठी किंमत येते. तेव्हां बर्मिंगहॅमच्या नामांकित कारखान्याची दुनळी कोणी पंधरा-वीस हजारांत देतों म्हणाला, तर तो देणगी देत आहे अथवा थाप मारीत आहे. अनोळखी मनुष्य देणगी देत नसतो.

फसवणुकीचा ओघ साधारण कसा असतो, तो दाखविण्यासाठीं एक उदाहरण कल्पूं. समजा, मालवण तालुक्यांतील एका बागायतदारानें मोबाइलवर बारा बोअरच्या एकनळीचें छायाचित्र पाहिलें. विकणारा आपण सैन्यांत शिपाई असून सीमेवर बदली झाल्यामुळें घाईनें विकतों आहों असें सांगतो, व विश्वासासाठीं ओळखपत्राचें आणि गणवेशांतील छायाचित्र पाठवितो. (लष्करी किंवा निमलष्करी जवानाचें सोंग घेऊन बदलीच्या निमित्तानें स्कूटर, मोटार, घरसामान विकण्याची ही युक्ति आपल्या देशांत इतकी जुनी झाली आहे कीं, तिच्यावर अजून माणसें फसतात ह्याचें नवल वाटतें. सैनिकाविषयींचा आदर तिच्या उपयोगी पडतो, हेंच त्याचें कारण.) बागायतदार भेटीस येऊं म्हणतो, तर तळावर बाहेरच्या माणसास प्रवेश नाहीं असें उत्तर येतें. मग एक हजार रुपये विसार. तो पोंचला कीं लष्करी वाहनाचें भाडें, नंतर विम्याची रक्कम, नंतर कसल्याशा परवानगीची फी. आणि ह्या सर्व रकमा बंदूक हातीं पडतांच परत मिळावयाच्या असतात. प्रत्येक रक्कम मागच्या रकमेहून थोडी मोठी असते. थांबावें तर आधींचे पैसे बुडणार, ह्या भयानें मनुष्य पुढचे पैसे पाठवितो. शेवटीं विकणाऱ्याचा फोन बंद होतो.

पुष्कळदां गोष्ट येथेंच संपते. पण ठक अधिक धीट असला तर येथून दुसरा अंक सुरू होतो. नव्या नंबरावरून फोन येतो, पडद्यावर गणवेशांतील मनुष्य दिसतो, आणि तुम्ही बेकायदा हत्यार मागविल्याची नोंद आमच्याकडे आली आहे, अटक टाळावयाची तर अमुक खात्यांत रक्कम भरा, असें सांगतो. ज्याच्या मनांत आधींच चोरी आहे तो ह्या धमकीपुढें लगेच वांकतो. येथें आम्ही निक्षून सांगतों कीं, फोनवरून किंवा पडद्यावरून अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यांत नाहीं, आणि कोणतेंही पोलीस ठाणें अटक टाळण्यासाठीं खाजगी खात्यांत पैसे भरावयास सांगत नाहीं.

वरील कथेंत खोटेपणा ओळखण्याच्या जागा कोणत्या, हें पाहिलें पाहिजे. सैनिकाच्या हातांतील सरकारी बंदूक त्याच्या मालकीची नसते. ती त्यास विकतां येत नाहीं. त्याची स्वतःची खाजगी बंदूक असेल तर तिच्यावर त्याचा परवाना असतो, व ती विकण्यास त्यासही तोच कायदा लागू आहे. बंदूक परवान्याच्या नोंदीशिवाय कुरिअरनें घरपोंच येणें ही गोष्टच कायद्यांत बसत नाहीं. मग तिच्या वाहतुकीचें भाडें कशाचें? आणि ज्या जागीं ही जाहिरात दिसली त्या जागेचेही कांहीं नियम असतात. फेसबुकनें जानेवारी २०१६ मध्यें खाजगी माणसांनीं आपसांत बंदुका विकण्याच्या जाहिरातींस मनाई केली. म्हणजे तेथें दिसणारी अशी जाहिरात त्या जागेचाही नियम मोडूनच आलेली असते. पहिल्याच पायरीवर दोन नियम मोडणारा मनुष्य तिसऱ्या पायरीवर आपल्याशीं मात्र प्रामाणिक राहील, असें मानण्यास आधार काय?

पैशाच्या देवघेवीसंबंधीं थोडें सांगणें अवश्य आहे. यूपीआयच्या व्यवहारांत पिन टाकावा लागतो तो पैसे देतांना; पैसे घेतांना पिनची गरज नसते. तेव्हां तुमचे पैसे परत करतों, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, असें कोणी म्हणाला तर तो आणखी पैसे काढूं पाहत आहे असें निश्चित समजावें. दुसरें, बँकेंतील गेलेली रक्कम बँक भरून देते असा एक समज पसरलेला आहे. रिझर्व्ह बँकेनें इ. स. २०१७ मध्यें ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे जे नियम काढले, ते खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठीं आहेत. आपण आपल्या हातानें पाठविलेला विसार त्यांत येत नाहीं. म्हणून बंदूक, तिचे कागद व मालक हीं तिन्ही प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिल्यावांचून एक रुपयाही पाठवूं नये. आमच्या मतें, विसाराचे पैसे मागण्याची घाई हेंच खोट्या विक्रेत्याचें पहिलें लक्षण होय.

हवेच्या बंदुकीविषयीं वेगळा गैरसमज आहे. माकडें हुसकण्यासाठीं ती बरी व तिला परवाना लागत नाहीं, असें सर्रास म्हणतात. इ. स. २०१६ च्या नियमांप्रमाणें ज्या हवेच्या बंदुकीचा बोअर ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, ह्याहून अधिक नाहीं व जिचा जोर वीस ज्यूलच्या आंत आहे तिलाच ही सवलत आहे. ०.२२ बोअरची हवेची बंदूक परवान्याशिवाय चालते असें जाहिरातदारानें लिहिलें तरी ती घेणारा कायद्याच्या कचाट्यांत येतो. तसेंच प्लॅस्टिकच्या नळींत कार्बाइड व पाणी घालून आवाज काढणाऱ्या ज्या नळ्या राखणीसाठीं म्हणून विकतात, त्यांपासूनही दूर राहावें. इ. स. २०२५ च्या दिवाळींत भोपाळ व आसपास अशा नळ्यांनीं कित्येक मुलांच्या डोळ्यांस गंभीर इजा झाली, हें वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचलेंच आहे.

आतां खरी खरेदी कशी करावी तें सांगतों. परवानेदार दुकानदाराकडून घेणें हा सर्वांत सोपा मार्ग. त्याच्याजवळ विक्रीची वही असते, तो तुमचा परवाना पाहतो, बंदुकीचा नंबर परवान्यावर चढवितो आणि पावती देतो. त्याचा स्वतःचा परवाना दुकानांत लावलेला असतो, तो वाचण्यास संकोच करूं नये. खाजगी माणसाकडून घ्यावयाची असेल तर पांचव्या कलमांतील एक अट फार मोलाची आहे. विकणारानें आपण अमुक बंदूक अमुक नांवाच्या व पत्त्याच्या मनुष्यास विकणार असल्याचें जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी कळवावें लागतें, आणि तें कळविल्यापासून निदान पंचेचाळीस दिवस गेल्याशिवाय बंदूक हवालीं करतां येत नाहीं. पुष्कळ लोक ह्या पंचेचाळीस दिवसांस सरकारी कटकट समजतात. आम्हांस तर ती खरेदीदारास मिळालेली ढाल वाटते. विकणाऱ्यास सरळ म्हणावें कीं, बुवा, तुम्हीं दिलेल्या अर्जाची पोंच असलेली प्रत मला दाखवा, पंचेचाळीस दिवस मी थांबतों. खरा मालक असेल तर तो कुरकुरेल, पण अर्ज देईल. खोटा असेल तर त्याच दिवशीं त्याचा फोन लागेनासा होईल, आणि आपला एक पैसाही गेलेला नसेल.

विकणाऱ्याच्या परवान्याची नुसती छायाप्रत पाहून भागत नाहीं. मूळ परवाना पाहावा. त्यावर त्याचें नांव, छायाचित्र, मुदत, बंदुकीचा प्रकार, बोअर, कारखान्याचें नांव व नंबर हीं असतात. शिवाय देशांतील सर्व परवान्यांची एक राष्ट्रीय नोंद केलेली असून प्रत्येक परवानेदारास एक विशिष्ट ओळख क्रमांक दिलेला आहे. तो क्रमांक नसलेला जुना परवाना आतां वैध मानला जात नाहीं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचें पिवळें पडलेलें पुस्तक दाखवून कोणी हा आमचा पिढीजात परवाना म्हणाला, तर त्यांत हा क्रमांक चढविला आहे कीं नाहीं तें पाहावें. शंका असेल तर जिल्हाधिकारी कचेरींतील शस्त्र-परवान्याच्या शाखेंत जाऊन विचारावें. एका फेरीचा खर्च तेवढा होईल.

मग बंदूक. परवान्यावरील नंबर व नळीवरील नंबर एकच आहे काय, हें उजेडांत नेऊन अक्षर-अक्षर ताडून पाहावें. आठव्या कलमाप्रमाणें बंदुकीवरील नांव, नंबर अगर खूण खोडणें, बदलणें किंवा बनावट घालणें हा गुन्हा आहे, आणि अशी खूण नसलेली बंदूक विकतांही येत नाहीं. जेथें नंबर आहे तेथील धातु आसपासच्या भागाहून खोलगट, अधिक चकचकीत किंवा नव्यानें काळी केलेली दिसली तर कानस फिरली आहे असें समजून परत फिरावें. गंजानें नंबर गेला, ही सबब ऐकूं नये. दुनळी असेल तर नळ्यांवरील, चापाच्या पेटीवरील व पुढील लांकडाखालच्या लोखंडावरील नंबर एकमेकांशीं जुळतात काय तें पाहावें. दोन मोडक्या बंदुकांची मिळून एक केलेली पुष्कळदां ह्यावरून कळते.

ठासणीची बंदूक हातीं घेण्यापूर्वीं एक सावधगिरी जिवाची म्हणून घ्यावी. ती वर्षानुवर्षें भरलेली असूं शकते. गज नळींत शेवटपर्यंत सोडून तोंडाशीं खूण करावी, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. खूण जर केपच्या जागेपर्यंत पोंचण्याऐवजीं चार बोटें अलीकडेच राहिली, तर आंत दारू व छरे आहेत असें समजून बंदूक तशीच खालीं ठेवावी आणि जाणत्या कारागिराकडून ती रिकामी करवावी. अशा वेळीं नळीच्या तोंडाकडे कोणी उभें राहूं नये. माळ्यावरच्या जुन्या बंदुकींचे अपघात ह्याच एका हयगयीनें होतात.

काडतुसाची बंदूक असेल तर ती मोडून (म्हणजे बिजागरीवर उघडून) रिकामी आहे हें पाहिल्यावर नळींतून उजेडाकडे पाहावें. आंत छायेचीं वर्तुळें अखंड दिसलीं तर नळी सरळ. कोठें तुटलीं किंवा वांकलीं तर तेथें पोचा अगर फुगवटा आहे. बारीक खळगे म्हणजे जुना गंज होय. खळगे नळीच्या मागल्या, जाड भागाच्या जवळ खोल असतील तर ती बंदूक भिंतीवर टांगण्यापुरतीच. नळ्या सुट्या करून आंकड्यानें टांगाव्या व लांकडानें हलकेंच टोलवाव्या. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर मधली डाकाची पट्टी शाबूत आहे, भद्द आवाज आला तर ती कोठेंतरी सुटली आहे. बंदूक मिटून नळ्या व दस्ता हातांत धरून हलवाव्या. सांध्यांत खटखट जाणवली तर बिजागरी झिजली आहे. हें सर्व छायाचित्रावरून कळणें शक्य नाहीं, आणि म्हणूनच छायाचित्रावर बंदूक घेणारा खऱ्या मालकाकडूनही फसतो.

जुन्या इंग्रजी बंदुकींविषयीं आणखी एक धोका आहे. धूर न होणाऱ्या दारूचा प्रसार होण्यापूर्वींच्या पुष्कळ नळ्या, त्यांतही पिळदार नक्षीच्या लोखंडाच्या, काळ्या दारूच्याच जोरास तपासलेल्या असतात. लंडन व बर्मिंगहॅम येथील परीक्षा-गृहांचे शिक्के नळ्यांच्या खालच्या अंगास मारलेले असतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून नव्या दारूसाठीं तपासलेल्या नळीवर ‘एन्‌पी’ ह्या इंग्रजी अक्षरांचा शिक्का येतो. तसेंच ह्या बंदुकांचें काडतुसाचें घर बहुधा अडीच इंचांचें असतें, आणि हल्लींचीं पुष्कळ काडतुसें पावणेतीन इंची, म्हणजे सत्तर मिलिमीटरचीं असतात. गंमत अशी कीं, लांब काडतूस आंखूड घरांत सहज बसतें, कारण तें उघडतें बार झाल्यावर. परंतु उघडण्यास पुरती जागा नसल्यामुळें आंतील दाब धोक्याइतका वाढतो. पुण्याजवळ खडकीच्या कारखान्याचीं ‘शक्तिमान’ काडतुसें घ्या कीं दुसरीं घ्या, पेटीवरील लांबी वाचून व घर मोजूनच तीं वापरावीं. विकणारा “बारा बोअर म्हणजे बारा बोअर, काहीं फरक नाहीं” म्हणेल. त्याच्या हाताचीं बोटें त्यांत गुंतलेलीं नसतात.

खरेदी झाल्यावर परवान्यावर जी मुदत घातलेली असेल तिच्या आंत बंदूक अधिकाऱ्यास दाखवून नोंद पुरी करावी. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, हेंही सांगून ठेवतों. इ. स. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं रानडुकरासही संरक्षण असून, त्यास मारण्यापूर्वीं वनखात्याची परवानगी लागते. पिकाच्या नुकसानीची भरपाईही त्याच खात्याकडे मागतां येते.

इतकें करूनही, किंवा इतकें करण्यापूर्वींच, ज्याचे पैसे गेले असतील त्यानें काय करावें? वेळ दवडूं नये. १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वीं ती अडविण्याचा प्रयत्न तेथून होतो, आणि तासागणिक ती शक्यता कमी होत जाते. केंद्र सरकारनें ऑगस्ट २०१९ मध्यें उघडलेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार लिहितां येते. विकणाऱ्याशीं झालेला पत्रव्यवहार, नंबर, व्यवहाराचे क्रमांक हीं पुसून टाकूं नयेत. लाजेनें माणसें तेंच पहिल्यानें पुसतात व पुरावा आपल्या हातानें नाहींसा करतात. परवाना नसतांना पैसे पाठविले, पण बंदूक हातीं आली नाहीं, अशानेंही गप्प बसण्यापेक्षां वकिलाचा सल्ला घेऊन तक्रार देणें बरें. धमकीचे फोन थांबविण्याचा दुसरा उपाय आम्हांस दिसत नाहीं.

आणि क्वचित् खरोखरच एखादी विनापरवाना बंदूक घरांत येऊन पडली असेल, तर ती नदींत टाकूं नये, पुरूं नये, विकूं नये, किंवा नातलगाच्या घरीं ठेवूं नये. यांपैकीं प्रत्येक गोष्ट अपराध वाढविणारी आहे. त्याच दिवशीं वकिलास बरोबर घेऊन ती पोलीस ठाण्यांत हजर करावी, ती कशी व कोणाकडून आली तें लेखी द्यावें, आणि बंदूक जमा केल्याची सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडूं नये.